बहिणीचा रकाना

ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटात उलटलेल्या ट्रकखालून माणसं बाहेर काढली. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण सत्तर सालाच्या आसपासचं हे साधं तोतयेगिरीचं प्रकरण, ज्यात ना रक्त सांडलं ना कुणी पळून गेलं, ते जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. यातल्या कुणाचीच नावं मी देणार नाही. तशीही या प्रकरणात नावांनीच घात केला.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. मी नवा फौजदार, खालापूर तालुक्यातल्या एका ठाण्यावर नेमणूक, आणि अंगात नव्या नवरीसारखा उत्साह. मूळचा मी साताऱ्याकडचा. इथल्या लोकांचं 'हाय' नि 'नाय' ऐकायला सुरुवातीला गंमत वाटायची. खोपोलीच्या बाजूला कारखाने वाढत होते आणि पळसदरी, केळवलीकडची माणसं घरची भातशेती सांभाळून खोपोलीच्या गाडीनं पाळीवर यायची.

कारखान्यातल्या कामगारांसाठी सरकारची विमा योजना होती. पगारातून थोडी वर्गणी जायची आणि आजारपणात योजनेच्या दवाखान्यात औषधपाणी मिळायचं. आधी ते फक्त कामगारालाच मिळे. मग सरकारनं ठरवलं की योजना कामगारांच्या घरच्यांनाही लागू करायची. त्या दिवशी मोठे साहेब आले होते. कारखान्याच्या फाटकाशी टेबल मांडून त्यावर ते उभे राहिले आणि कर्ण्यातून म्हणाले, "आजपासून तुमच्या घरातलं आजारपण ही सरकारची जबाबदारी." बंदोबस्ताला मी होतो. माणसांनी टाळ्या वाजवल्या, एका म्हाताऱ्या कामगारानं तर डोळे पुसले. सरकारचं ते काम चांगलंच होतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्या दवाखान्यानं किती बाळंतिणी वाचवल्या, ते मी पाहिलंय.

पुढे काही महिन्यांनी माझ्या टेबलावर एक निनावी अर्ज आला. अक्षर शाळा शिकलेल्या माणसाचं. भट्टी खात्यातला अमुक तिकीट नंबरचा कामगार दवाखान्यात रोज एका बाईला आणतो, तिला बायको म्हणून क्षयाची इंजेक्शनं देववतो, पण ती त्याची बायको नव्हे. बायको गावी धडधाकट आहे. सरकारला फसवणाऱ्याचा बंदोबस्त व्हावा. खाली सही 'एक प्रामाणिक कामगार'.

निनावी अर्ज लिहिणारा माणूस बहुधा जवळचाच असतो. लांबच्याला एवढा तपशील ठाऊक नसतो आणि एवढा रागही नसतो. आमचा हवालदार इथलाच, कर्जतजवळच्या दहिवलीचा. निवृत्तीला आलेला, पोट सुटलेला, पण माणसं ओळखणारा. त्यानं अर्ज वाचला आणि घडी घालून परत माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, ठेवा हा गठ्ठ्यात तळाला," तो म्हणाला.

"का?"

"इंजेक्शनं चोरून कोन बंगला बांधतो का? आजारी बाई हाय कोन तरी. बरी झाली की अर्ज आपसूक मरंल."

आमच्या ठाण्यात अर्ज महिनोन्महिने पडून राहत. बांधाच्या भांडणाचे, कोंबड्या चोरल्याचे, एकमेकांच्या नावाने बोंबा मारणारे. त्या गठ्ठ्यात हाही सहज पडून राहिला असता. पण मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मी हवालदाराला म्हटलं, "तुमच्यासारख्यांमुळेच खात्याचं नाव खराब होतं." त्यानं टोपी घातली आणि माझ्याबरोबर निघाला.

आम्ही साध्या कपड्यांत दवाखान्यात गेलो. कौलारू घर भाड्यानं घेतलेलं, बाहेर ओसरीवर लाकडी बाकं, आत खिडकीशी कारकून. मी कोपऱ्यात बसून पाहत राहिलो. कारकून प्रत्येकीला कार्ड मागे, तिचं नाव विचारी, मग नवऱ्याचं नाव विचारी. आणि इथे गंमत सुरू होई. बाई पदर तोंडाशी नेई, हसे, शेजारणीकडे बघे. शेजारीण तिच्या वतीनं नाव सांगे. एकीबरोबर कुणीच नव्हतं, तिनं कार्डावरच्या नावावर नुसतं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय, हे लिवलंय ना!" कारकूनही सरावलेला होता. मला हसू आलं, कारण माझी बायकोही त्यातलीच. एकदा एका कचेरीत नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं "फौजदार" एवढंच सांगितलं आणि पुढे तोंडच उघडलं नाही. त्या काळात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात घ्यायला लावत तेही उखाण्यात गुंडाळून.

मग ती आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, पण गालफडं बसलेली, मनगटं काटकुळी. बरोबर भट्टी खात्याचा तो कामगार होता. तिला बाकावर टेकवून तो पाणी आणायला गेला. कारकुनानं नाव पुकारलं. ती लगेच उठली नाही. एक-दोन क्षण गेले, मग आपल्यालाच बोलावलंय हे तिच्या ध्यानात आलं. मी तिच्या मागोमाग खिडकीशी जाऊन उभा राहिलो. नाव तिच्याच तोंडून घ्यायचं, हे कारकुनाला मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं विचारलं, "नवऱ्याचं पूर्ण नाव?"

तिनं सांगितलं. त्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एका दमात. पदर तोंडाशी गेला नाही, मान खाली गेली नाही. घाटाखालच्या त्या ओसरीवर सकाळपासून एकाही बाईच्या तोंडून जे निघालं नव्हतं, ते हिनं बाजाराला निघालेल्या माणसाचं नाव सांगावं तसं सांगून टाकलं.

मला अजून आठवतंय, त्या वेळी मला आनंद झाला होता. शिकाऱ्याला होतो तसा. मी हवालदाराकडे पाहून मान हलवली. तो दुसरीकडे बघत होता.

कामगाराला मी ठाण्यावर आणलं. तिशीचा माणूस, भट्टीच्या धगीनं हातांवरचे केस जळालेले. तो आधी एकच वाक्य धरून बसला, "ती माझी बायकोच हाय साहेब." मी शिवी दिली नाही, हात लावला नाही. नुसता त्याला बाकावर बसवून ठेवला आणि हवालदाराला पळसदरीकडच्या त्याच्या पाड्यावर पाठवलं. दुपारपर्यंत खरी बायको समोर उभी राहिली. भात सडता सडता उठून आलेली, अंगाला कोंडा तसाच. तिला काय चाललंय ते कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पदर ओढून घेतला. "ते काय समोर बसलेत की," ती पुटपुटली.

"नाव सांगा."

"असं कसं सांगू?" तिचे डोळे भरून आले. मी तिला काहीतरी घाणेरडं करायला सांगतोय असं तिला वाटलं असावं.

मी कामगाराकडे वळलो. "ही नाव घेत नाही. दवाखान्यातल्या तुझ्या बायकोनं मात्र खडाखडा घेतलं. यातली बायको कोणती रे?"

तो माणूस बसल्या जागी कोसळला. खरंच, पाण्यात भिंत बसते तसा खचला आणि रडायला लागला. "भैन हाय ती माझी," तो म्हणाला. "पाठची भैन."

मग सगळा जबाब सरळ आला. बहीण पोशीरच्या बाजूला दिली होती. खोकल्यातून रक्त पडायला लागल्यावर सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं आणि वळून पाहिलं नाही. आईबाप आधीच गेलेले. सरकारी दवाखान्यात थोडे दिवस इंजेक्शनं मिळाली, मग संपली. अलिबागला मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. एसटी बदलत, वाटेत तीनदा उतरून ओकत ती अलिबागला पोहोचली, तर तिथे खाट रिकामी नव्हती. तेवढ्यात ही योजना घरच्यांना लागू झाली.

"मी टाळ्या वाजवल्या साहेब," तो म्हणाला. "फाटकावर तुमी बी होता. ते साहेब म्हनले, घरातलं आजारपन सरकारचं. मला वाटलं, देव पावला. मंग फारम भरायला गेलो. बायकोचा रकाना, पोरांचा रकाना, आयबापाचा रकाना. मी म्हटलं, भैनीचा रकाना कुठं हाय? कारकून हसला. म्हनला, भैन तिच्या नवऱ्याच्या फारमात. तिच्या नवऱ्यानं तर तिला टाकलीया. मंग ती कुनाच्या फारमात, सांगा ना."

 माझ्या कागदावरही तसला रकाना नव्हता.

इतका वेळ भिंतीला चिकटून उभी असलेली बायको तेव्हा पुढे आली. "मीच म्हटलं तेंना, माझं नाव द्या नंदंला. आमी दोघी एका वयाच्या. मला कुठं काय झालंय? नाव दिल्यानं काय झिजतं का, साहेब?"

प्रकरण उलगडलं होतं. दवाखान्याच्या खिडकीवर राहिलेलं कार्ड ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. साठीचे गृहस्थ, हळू बोलणारे. त्यांनी तिचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"फौजदारसाहेब, ही बाई ती बाई नाही हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं," ते म्हणाले. "पण छाती तीच आहे, आणि आजारही. इंजेक्शनं आणखी एक महिना हवीत. पुढे गोळ्या मी कुठूनही मिळवीन. एक महिना. आता मध्येच सोडलं, तर पुढे तेच औषध तिला लागू पडायचं नाही."

"मग मी काय करू?"

"अहवाल महिन्यानं पाठवा. तुमच्याकडे कागद पडून राहतात म्हणे."

मी डॉक्टरांना कायदा ऐकवला. गुन्हा ठाऊक असून गप्प राहिलात म्हणजे तुम्हीही त्यात येता, एवढंही बोललो. ते आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि कार्ड माझ्या हातात दिलं. पंचनामा झाला. अर्ज आल्यापासून आठव्या दिवशी माझा अहवाल वर गेला होता. त्या ठाण्यात इतक्या लवकर निकाली निघालेला तो एकमेव अर्ज असेल. वरिष्ठांनी 'तत्पर व चतुर तपास' असा शेरा दिला आणि नवऱ्याच्या नावाची ती युक्ती मी पुढचे काही महिने चहाच्या टपरीवर रंगवून सांगत होतो.

खटला खालापूरच्या कोर्टात चालला. चालला कसला, कामगारानं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. न्यायाधीश समजूतदार होते. त्यांनी कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली, म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहायचं आणि घरी जायचं. मी बाहेर आलो तर चिंचेखाली ती बसलेली. भावानं बजावलं होतं तरी एसटीनं एकटी आली होती. खोकला इतका होता की दारावरच्या शिपायानं आत सोडलं नव्हतं. मला पाहून ती झाडाला धरून उभी राहिली.

"साहेब, शिक्षा मला द्या म्हनून सांगायला आले होते. झाली का ओ?"

"झाली. संध्याकाळी सुटेल तो. तुम्ही घरी जा."

ती गेली नाही. दम खात म्हणाली, "मी दादाचं नाव पटकन घेतलं म्हनून धरलंत ना? वहिनी मला बोलली. मला तिचं नाव सांगायचं एवढंच ध्यानात होतं. नवऱ्याचं म्हनून इचारतायत, मंग लाजायला पायजे, हे सुचलंच नाय बगा." थोडा वेळ खोकली. पदर तोंडाशी धरलेला होता, तो तिनं माझ्यापासून लपवत घडी करून मुठीत घेतला. "माझ्या नवऱ्याचं नाव मी अजून कधी घेतलं नाय, साहेब. त्यानं टाकली तरी नाय घेतलं. पन दादाचं नाव घ्यायला कसली लाज?"

मी तिला एसटीत बसवून द्यायला हवालदाराला सांगितलं. तेवढंच मी केलं. ती तिच्या नवऱ्याचा मान राखत होती आणि मी तिच्या भावाला आरोपी केलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला लागलं. पण फार उशीर झाला होता. कार्ड मुद्देमालात होतं, इंजेक्शनं बंद होऊन बरेच दिवस झाले होते.

अलिबागला खाट मिळाली ती पुष्कळ उशिरा. डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं, औषध लागू पडलं नाही. ती गेली. मला ते हवालदारानं सांगितलं. सकाळची हजेरी चालू असताना तो बाजूला येऊन म्हणाला, "साहेब, ती गेली." कोण ते मी विचारलं नाही. हवालदारानं आणखी एक गोष्ट सांगितली. तो निनावी अर्ज त्याच भट्टी खात्यातल्या एका कामगाराचा होता. त्याच्या धाकट्या भावाला त्याच खिडकीवरून परत पाठवलं होतं, कारण भावाचाही रकाना नव्हता. आपल्याला नाही तर त्याला तरी का, या रागात त्यानं लिहिलं. तो मयताला गेला होता आणि खांदा देऊन आला. त्याचा मला राग आला नाही. त्यानं नुसता अर्ज केला होता. बाकी सगळं मी केलं होतं.

मुद्देमाल परत द्यायचा होता. ते कार्ड शिपायाकडून पाठवता आलं असतं, पण मी स्वतः गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. माफी मागायची पद्धत आमच्या खात्यात नाही, तेव्हा कार्ड द्यायच्या निमित्तानं काहीतरी बोलू, असं मनात असावं. पळसदरीचं स्टेशन मागं टाकून पायवाटेनं पाड्यावर पोहोचलो. कामगार पाळीवर होता. खटल्यानंतर कारखान्यानं त्याला काढून टाकलं होतं, ते बऱ्याच महिन्यांनी परत घेतलं. त्याची बायको अंगणात भात वाळत घालत होती. ओसरीवर ती ट्रंक होती, सासरहून परत आलेली. तिच्यावर घडी केलेलं लुगडं.

तिनं मला बसा म्हटलं नाही. मी कार्ड पुढे केलं, तिनं घेतलं. पोहोच लिहून घ्यावी लागते म्हणून मी वही काढली आणि नोकरीच्या सवयीनं, विचार न करता, तोंडातून प्रश्न गेला, "नवऱ्याचं पूर्ण नाव?"

नाव मला पाठ होतं. आरोपपत्रावर मीच लिहिलं होतं. पण प्रश्न सुटला तो सुटला.

तिनं हातातलं भात खाली टाकलं. डोक्यावरचा पदर होता तिथेच राहू दिला. माझ्या डोळ्याला डोळा भिडवून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. त्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव. खणखणीत, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्यानं. शेजारची म्हातारी सुपातलं काम सोडून बघायला लागली.

"घेतलं बगा नाव," ती म्हणाली. ती रडत नव्हती. "मी बी घेतलं. आता मी बी तेंची बायको नाय. मला बी धरा. चला."

मी वही मिटली. पोहोचेवर तिचा अंगठा घ्यायचा राहिला आणि तो कागद आजही तसाच अपुरा आहे. 

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसं ओळखायची माझी नजर खोटी नव्हती. ती बायको नाही हे मी बरोबर ओळखलं होतं. पण ती कोण आहे, हे विचारायला मी थांबलो नाही. योजना करणाऱ्यांनी शंभर घरं सावलीत आणली, हे खरंच आहे. त्या सावलीच्या कडेला कुणीतरी एक पाय आत घेऊन उभं असतं आणि त्याला बाहेर ढकलायला आमच्यासारखे तत्पर लोक लागतात. पुढे असे अर्ज माझ्याकडे आले, ते मी गठ्ठ्यात तळाला ठेवले. एका साहेबांनी माझ्या कागदावर 'दिरंगाई' असा शेरा मारला. मी त्यावर खुलासा दिला नाही. हवालदार तोवर निवृत्त झाला होता, नाहीतर त्याला दाखवला असता.

माझी बायको अजूनही माझं नाव घेत नाही. दवाखान्यात तिला विचारलं की मीच पुढे होऊन सांगतो, आणि सांगताना दर वेळी ती ओसरी आठवते.

आठ दिवसांच्या जागी मी महिना लावला असता, तर ती जगली असती की नाही, याबद्दल मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. पण वाद घालण्यासारखं त्यात काही नाही. डॉक्टरांनी मला महिनाच मागितला होता.